साहेबांच्या टेबलावरून येणारी लाईन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कापूस उत्पादक संस्थेचे चेअरमन माननीय शंकरराव, ज्यांच्या सेवापूर्तीसाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, संस्थेचे व्यवस्थापक माननीय नारायणराव साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. कौशल्याबाई वहिनी, व्यासपीठावरचं संचालक मंडळ, आणि उन्हातान्हाचं इथवर आलेल्या माझ्या सभासद बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे आणि दोन्ही चांगले बोला अशी ताकीदही दिली आहे. मी माणिकराव, इथलाच, वरवट बकालचा. कापूस लावतो आणि गावातल्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणतो. शेतकऱ्यांच्या वतीनं बोलायला माझंच नाव का निघालं? तर मंगलाष्टकं म्हणणारा माणूस वाकडं बोलत नाही, असा एक समज आहे. समज चांगलाच आहे.

साहेब शिस्तीचे. यात वाद नाही. चिखलाचे पाय घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलेला माणूस मी पाहिला नाही. संस्थेत इंटरनेट आलं तेही साहेबांच्याच कारकिर्दीत. आता ते कसं आलं, हे पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. कनेक्शन एकच. फोनची तार साहेबांच्या केबिनमध्ये, तिथून साहेबांच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि त्यातून निळ्या वायरी बाहेरच्या खोलीतल्या बाकीच्या कॉम्प्युटरांना. साहेबांची मशीन चालू तर सगळ्यांचं नेट चालू, ती बंद तर सगळे बंद. बसवणारा माणूस तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, छोटा डबा मिळते त्याचा. बाहेर भिंतीले ठोकून देतो, मंग कोणाच्या मशीनचं काम नाही." साहेब म्हणाले, "नको. लाईन माझ्या टेबलावरूनच जाऊ द्या. कोण काय करतंय ते मला समजलं पाहिजे."

पाटाच्या तोंडाशी ज्याचं वावर, त्याच्या मर्जीनं खालचे भिजतात. हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

साहेब जेवायला उठले की मशीन बंद. वीज वाचते म्हणे. कोणावर रागावले की मशीन बंद. "थांबा, दाखवतो," म्हणायचे, आणि बाहेरच्या खोलीत एकदम "गेलं, गेलं" असा ओरडा व्हायचा. आपण सभासद फोन करून "नेट आहे काय?" असं विचारतच नव्हतो. विचारायचो, "साहेब बसले काय?" हसा, हसा. वहिनी, तुम्हालाही हसू आलं, म्हणजे घरचा कारभारही याच पद्धतीचा असावा.

असो. निरोपाच्या प्रसंगी गोड आठवण सांगायची असते. मला एकच आठवण आहे आणि ती खंडेनवमीची आहे.

ज्या वर्षी बीटीच्या बोंडातसुद्धा अळी निघाली, त्या वर्षीची. हमीभावानं कापूस घालायचा तर आधी ऑनलाइन नाव नोंदवा, असा नियम होता. नोंदणी आपल्या संस्थेतूनच, संस्थेच्याच मशीनवर, अंगठा लावून. साइट रोज अडायची, म्हणून शेवटच्या दिवशी सगळी गर्दी. आणि शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा. तारीख काढणाऱ्याच्या घरी कॅलेंडर नसावं.

नोंदणीला बाहेरच्या खोलीत अंजुम बसायची. आपल्या सईदभाईंची मुलगी. फवारणीचे पंप दुरुस्त करतात ते सईदभाई. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा कामानं घासलेला, मशीनवर उमटत नसे. तर ही पोरगी स्वतःच्या ओढणीनं त्याचं बोट पुसायची आणि म्हणायची, "काका, घाई नोका करू, उमटते." आपल्यापैकी किती जणांची बोटं तिनं पुसली असतील, ते ज्याचं त्यानं आठवावं.

त्या दिवशी साहेब सकाळी आले. आंघोळ केलेले, कपाळी गंध. मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, खोबरं आम्हालाही वाटलं. खाल्लं आम्ही. मग मशीन बंद केली, केबिनला कुलूप लावलं आणि चावी खिशात घालून दसऱ्यासाठी आपल्या गावी, मेहकरला निघून गेले. आम्ही बाहेर रांगेत. आम्हाला वाटलं, येतील चहा पिऊन.

अंजुमनं फोन लावला. आमच्यासमोर, स्पीकरवर. "सर, खोली भरली आहे. आज शेवटची तारीख आहे. कोणाजवळ तरी चावी पाठवा ना." आणि साहेबांचं उत्तर मी या दोन कानांनी ऐकलं. "पूजेला बसवलेलं शस्त्र त्या दिवशी उठवायचं नसतं. तुला नाही कळायचं ते." फोन ठेवला.

रांगेत विमलबाई होत्या. एकट्या शेती करतात, तुम्ही सगळे ओळखता. त्या उसळल्या. "अवो, म्या बी सकाळी इळ्याची पूजा केली, अन् त्याच इळ्यानं म्हशीले चारा कापून आली! उपाशी ठेवू काय तिले? कोणता देव कोपला मले? तोडा बे ते कुलूप!" पोरं उठलीच होती. पाहुणे मंडळी, ते कुलूप काही फार मोठं नव्हतं. पण अंजुम दाराला पाठ लावून उभी राहिली. "नाही काका. कुलूप तुटलं तर नाव माझंच येईन. माझी नोकरी जाईन." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग कोणाची हिंमत होणार? आम्ही खाली बसलो. आशा सुटत नाही ना माणसाची. संध्याकाळ झाली, तारीख गेली, आम्ही घरी गेलो.

पुढं काय झालं ते समोर बसलेल्यांना सांगायची गरज नाही. अर्धी बोंडं अळीनं नेली आणि जो काही कापूस निघाला त्याचा भाव व्यापाऱ्यानं तोंडाला येईल तो सांगितला. विमलबाईंनी ती म्हैस विकली.

मग सभासदांनी गोंधळ घातला, म्हणून चौकशी बसली. साहेबांनी चौकशीत काय सांगितलं? मशीन चालूच होती. ऑपरेटर सणाच्या तयारीसाठी जागेवर नव्हती. त्या वर्षी मोहरम दसऱ्याला लागूनच होता, हे साहेबांच्या बरोबर लक्षात आलं. अहो, सण कोणाचा होता? नारळ कोणी फोडला? जी दिवसभर दाराला पाठ लावून उभी होती ती गैरहजर, आणि जे मेहकरात सोनं वाटायच्या तयारीला लागले होते ते हजर! आम्ही साक्ष द्यायला गेलो तर चौकशीवाले म्हणाले, तुमचं नुकसान झालेलं आहे, तुमची साक्ष धरता येत नाही. अंजुमला काढलं. जी नोकरी जाऊ नये म्हणून तिनं कुलूप वाचवलं, ती अशी गेली.

सूत्रसंचालक, चिठ्ठी पाठवू नका. वाचता येते मला. संपवतोच आहे.

आज ती वडिलांच्या दुकानात पंपांचे वायसर बदलते. काम वाईट नाही. पण ती शिकलेली पोरगी आहे, आणि जिथं अर्ज करते तिथं पहिला प्रश्न एकच, आधीच्या जागेवरून काऊन काढलं? तो ठपका काढा, म्हणून परवा आपल्या मंडळाच्या बैठकीत तिचा अर्ज येणार आहे. चेअरमन साहेब, तुम्ही मला तुमच्या ओसरीवर सांगितलं, "माणिकराव, नारायणराव म्हणतीन तसं करू." बरोबर आहे ना? मान हलवली, आभारी आहे. म्हणजे सगळं अजूनही साहेबांच्या टेबलावरूनच जाते. आणि साहेब तर उद्या मेहकरला चालले. परवा त्यांना विचारायला कोण जाणार आणि ते कशाला उत्तर देणार?

म्हणून मी आज बोलून राह्यलो. मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला शोभत नाही, मला माहीत आहे. पण मला राग आहे साहेब, साधा राग नाही, जेवताना घास अडकतो असा राग आहे. तुमची चूक झाली, माणसाच्या हातून होते. पूजा केली, तारीख विसरले, असं सांगितलं असतं तर आम्ही चार दिवस शिव्या देऊन गप्प बसलो असतो. तुम्ही ती चूक एका पोरीच्या पदरात टाकली.

काल मी अंजुमला म्हटलं, चाल माझ्यासंग समारंभाले. तर म्हणाली, "काका, मी येऊन काय करू? मी तर त्या दिवशी पण तिथंच होती. सांगायचं त्याहिले आहे."

तर साहेब, शाल, श्रीफळ, सगळं तुम्हाला मिळालं आहे. आता सत्काराला उत्तर द्यायला तुम्ही उठाल. तेव्हा चारच शब्द बोला. मशीन मी बंद केली. चेअरमन बसलेले आहेत, संचालक बसलेले आहेत, एवढे लोक ऐकणारे आहेत. एवढं झालं की परवा तिचं काम होते. दुसरं कोणीही बोललं तरी होत नाही, आम्ही बोलून पाहिलं आहे.

मला इथं उभं केल्याबद्दल संस्थेचे आभार. पुढच्या वेळी करणार नाही, तेही समजून आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, आपलेही आभार. वहिनी, तुमच्या आनंदाच्या दिवशी हे ऐकावं लागलं, तुम्ही मला माफ करा. चेअरमन साहेब, बोलण्याच्या भरात मानपान राहिला असेल, उणंअधिक निघालं असेल, तर लहान समजून पोटात घाला.

माझी माफी मागून झाली. साहेब, हा माईक घ्या.