शफीभाईंनी चार माणसांत न सांगितलेलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बाजारपेठेतल्या व्यापारी मंडळाचे आधारस्तंभ माननीय गहिनीनाथ आण्णा, व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण हे सभागृह भरून टाकलं ते सत्कारमूर्ती शफीभाई, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या हजराबी भाभी, उद्यापासून गॅरेजची सूत्रं हाती घेणारी त्यांची लेक शाईस्ता, आणि युसूफ वडगाव पंचक्रोशीतून आलेल्या बंधू-भगिनींनो, आपल्या सर्वांना माझा नमस्कार.

निवेदकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. पस्तीस मिनिटांच्या तासाची सवय आहे, तेव्हा अध्यक्षांनी थोडं सांभाळून घ्यावं.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी शफीभाईंच्या हातातल्या कसबाबद्दल सांगितलं. एकेचाळीस वर्षं त्यांनी आपली इंजिनं जिवंत ठेवली. हे सगळं खरं आहे. पण माणूस कसा आहे हे त्याच्या कसबावरून कळतं का? मला तरी ते एका गुन्ह्यामुळे कळलं. गुन्हा अर्थातच माझा. दोन वर्षं तो पोटात ठेवला, आज सांगणार आहे.

आमची पांढरी गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलीय. दोन हजार तीन सालची. आमचे हे, म्हणजे शिवशंकरराव, ती चालवायचे. पुढे त्यांच्या किडन्यांनी दगा दिला आणि दर मंगळवारी, शुक्रवारी अंबाजोगाईला डायलिसिसला जाणं सुरू झालं. चार-चार तास मशीनला लावलेला माणूस परत येताना गाडी कशी चालवणार? म्हणून मी छप्पन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले. शाळेच्या मैदानावर शिकले, आणि कुंपणाचा एक खांब वाकवला, तो आजतागायत तसाच आहे.

गाडी एक लाख नव्वद हजार किलोमीटर पळालेली. शफीभाई दर पाच हजाराला ऑईल बदलायचे. नेहमीचं, साधं, दाट. त्यांच्या भाषेत दाटपणाचा आकडा 'वीस-चाळीस'. एकदा दिवाळीच्या तोंडावर त्यांनी इंजिनखालचं पॅकिंगही बदललं, आणि त्याच दिवाळीला माझा भाचा बजरंग पुण्याहून आला. बॉनेट उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आत्या, आजच्या जमान्यात कोणी साधं ऑईल टाकतं का? सिंथेटिक टाक. इंजिनचं आयुष्य वाढतं." पोरानं प्रेमानं एक डबाच आणून दिला. पातळ, सोनेरी तेल. त्याच्यावर लिहिलेलं 'पाच-तीस'.

तो डबा घेऊन मी गॅरेजात गेले. शफीभाईंनी डबा फिरवून बघितला आणि माझ्या हातात परत दिला.

"बाई, हे नव्या गाडीचं तेल हाय. जुन्या इंजिनाला न्हाई झेपायचं. लई पातळ हाय. कुठून तरी वाट काढतंय बघा."

"शफीभाई, जग कुठं चाललंय! तुम्ही नवीन काही शिकायचं नाही असंच ठरवलंय का?"

तेवढ्यात एका जीपखालून शाईस्ता बाहेर सरकली. आयटीआय करून आलेली ही पोरगी तेव्हा वडिलांच्या हाताखाली काम करायची. कपाळावर ग्रीस, हातात पाना. म्हणाली, "बाई, तेल वाईट न्हाई. पण आधी सीलं बघू, तेल अडवणारी रबरं. ती बदलली की मग काय टाकायचं ते ठरवू."

शफीभाई म्हणाले, "तू गप बस बे."

आणि मी? मीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मुलींना शिकवा म्हणून प्रभातफेऱ्या काढलेली ही बाई. आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं भांडण चाललेलं होतं, त्यात खरं बोलणारी एकटीच होती, आणि ती आम्हाला मध्ये नको होती.

मी तो डबा दुसऱ्या गावी नेऊन गाडीत ओतून घेतला. खरं सांगते, पहिले दोन-तीन महिने गाडी पाण्यासारखी चालली. थंडीत सकाळी एका चावीत सुरू. मी बजरंगला फोन करून कौतुक केलं. मग फेब्रुवारीत अंगणातल्या फरशीवर काळे थेंब दिसायला लागले. मी त्यावर पुठ्ठा टाकला. पुठ्ठा भिजला, तेव्हा दुसरा टाकला. आपल्या चुकीवर पुठ्ठे टाकण्यात आपण सगळेच पटाईत असतो, नाही का?

शेवटी एका गुरुवारी गाडी शफीभाईंकडे नेली. तिथं चार माणसं चहा पीत बसली होती. आणि मला काय बुद्धी सुचली कुणास ठाऊक, मी गाडीतून उतरता उतरता मोठ्यानं म्हणाले, "शफीभाई, दिवाळीत तुम्ही खालचं पॅकिंग बदललं ना? नीट आवळलं नाही तुम्ही. बघा, किती गळतंय!"

सिंथेटिकचं नावही काढलं नाही.

शफीभाईंनी बॉनेट उघडलं. ऑईल मोजायची पट्टी ओढली. पट्टीवरच्या तेलाकडे बघितलं, बोटांत चोळलं. जन्मभर ज्यानं तेलात बोटं घातली त्याला काय कळायचं राहिलं होतं? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे. चहा पिणारे आमच्याकडे बघतायत. एक वाक्य बोलले असते, तर माझी शोभा झाली असती.

त्यांनी पट्टी फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "बघतो बाई. गाडी सोडून जा."

"उद्या शुक्रवार आहे. ह्यांना न्यायचंय."

"मग शनिवारी आणा. आता तेलाची भर घालून देतो. पण उद्या निघायच्या आधी पट्टी ओढून बघा. इसरू नका."

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा भरायचा, औषधं घ्यायची, ह्यांचा स्वेटर सापडेना. पट्टी राहिली ती राहिलीच.

अर्ध्या वाटेवर शिवशंकरराव म्हणाले, "अगं, तो तांबडा दिवा लागलाय बघ." मी बघितलं. ऑईलचा दिवा. आधी लुकलुकला, मग लागूनच राहिला. इंजिनातून टकटक आवाज. अजून बारा-तेरा किलोमीटर जायचं होतं. मशीनची वेळ दहाची, आणि मंगळवारनंतर आता ह्यांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मनात आलं, तेरा किलोमीटर तर आहेत, जाऊ तशीच. पण टकटक वाढतच गेली. एका हातानं फोन लावला. कोणाला लावला असेल?

"बाई, गाडी बंद करा."

"शफीभाई, ह्यांचं मशीन दहाचं आहे..."

"आधी बंद करा. चावी काढा. इंजिन जाम झालं तर गाडी बी न्हाई आन मशीन बी न्हाई. एक हात बी पुढं न्यायची न्हाई. आमी निघालो."

मी गाडी कडेला घेतली. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला बाभळी. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी ह्यांचा हात धरून बसले आणि मनात एकच चाललेलं: काल खरं बोलले असते, तर?

पंचवीस मिनिटांनी जीप आली. शाईस्ता चालवत होती, बाजूला शफीभाई. ते उतरले आणि ह्यांना दोन्ही हातांनी धरून जीपमध्ये बसवलं. "तुमी जा. मी हितं गाडीपाशी थांबतो." शाईस्तानं जीप अशी नेली की खड्डा जाणवला नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही पोहोचलो. तिथल्या सिस्टरनं घड्याळाकडे बघितलं, ह्यांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "घ्या आत." मशीन सुरू झालं. त्या मशीनचा घुरघुर आवाज इतका गोड कधी वाटला नव्हता. मी बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडले. शाईस्ता शेजारी बसली. तिनं पाण्याची बाटली तेवढी पुढे केली.

मीच म्हणाले, "शाईस्ता, सिंथेटिक टाकलं होतं मी."

"अब्बांना म्हाईत हाय बाई. कालच."

संध्याकाळी गाडी ओढून गॅरेजात आणली. दुसऱ्या दिवशी इंजिन खालून उघडलं. मी समोर उभी होते. बेअरिंग शाबूत होतं. वेळेवर बंद केली म्हणून वाचलं. पण तेल ओढायच्या जाळीत काळा गाळ अडकलेला. शाईस्तानं मागचं सील काढून वडिलांच्या तळहातावर ठेवलं. "अब्बा, दाबून बघा." रबराचं सील, पण लाकडासारखं कडक झालेलं. तीच पुढे म्हणाली, "हे आधीच गेलतं. वर्षानुवर्षांचा गाळ बसला होता म्हणून गळत न्हवतं. नव्या तेलानं गाळ धुतला, वाट मोकळी झाली. साधं तेल असतं तरी एक दिवस गळलंच असतं. तेलाचा गुन्हा न्हाई."

शफीभाईंनी सील दाबलं. पुन्हा दाबलं. मग म्हणाले, "तुजं खरं हाय. मी तेलालाच शिव्या देत बसलो, सील बघायचं राहिलं." आणि हातातला पाना तिच्याकडे दिला. "तूच बसव."

नवी सीलं बसली. मी विचारलं, आता ऑईल कोणतं? मला वाटलं, पुन्हा वाद होणार. शाईस्ता म्हणाली, "बाई, गाडीचं पुस्तक कुठाय?" ते पुस्तक वीस वर्षं गाडीच्या खणात होतं, कधी उघडलं नव्हतं. पोरांना 'वाचा, वाचा' म्हणणारी मी! त्यात दाटपणाचा आकडा स्पष्ट छापलेला. शाईस्तानं सांगितलं, त्या दाटपणाचं असेल तर सिंथेटिकही चालेल, आता गळायचं नाही. पण इंजिन झिजलेलं आहे, ऑईल आपण दर पाच हजाराला बदलतोच, तेव्हा साधं वीस-चाळीस पुरे. बापानं मान डोलावली. मीही.

निघताना मी शफीभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "गुरुवारी तुम्हाला कळलं होतं. चार माणसांत का नाही बोललात?"

"बाई, तुमी माज्या तिन्ही लेकरांना शिकवलं. तुमचा पाणउतारा कावून करू?"

मंडळी, त्यांनी माझी अब्रू झाकली, पण त्यांची उघडीच राहिली. त्या चहा पिणाऱ्या चौघांपैकी शहादेवराव इथं बसले आहेत. तेव्हापासून त्यांची जीप दुसरीकडे जाते. शफीभाई आता नीट आवळत नाहीत, असं गावात बोललं गेलं. ते कोणामुळे बोललं गेलं, हे मला ठाऊक होतं. मी शाळेत, देवळात, बाजारात सगळीकडे गेले आणि ते कुठंही खोडून काढलं नाही. धीर झाला नाही. गेल्या आठवड्यात निमंत्रण आलं तेव्हा शिवशंकरराव म्हणाले, "आता नाही बोललीस, तर कधी बोलशील?"

तेव्हा सर्वांसमक्ष सांगते. शफीभाईंनी पॅकिंग नीट आवळलं होतं. खोटं मी बोलले होते.

काय म्हणालात शहादेवराव? ... बरं, माईक नाही म्हणून मीच सांगते. ते म्हणतायत, "बाई, शनिवारी जीप आणतो." आणा. पण ती आता शाईस्ताच्या हातात द्यायची, आणि ती बोलली की आपण गप्प बसायचं.

तिसऱ्या रांगेत स्वेटर घालून बसलेले आमचे हे आजही मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच गाडीतून जातात. अंगणातली फरशी स्वच्छ आहे. आणि आज मला कसं वाटतंय म्हणाल, तर परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलेल्या पोरीसारखं.

शफीभाई, आता घरी बसा. हजराबी भाभींच्या हातचा चहा गरम असताना प्या, इतकी वर्षं तो गारच प्यायलात. संयोजकांनी बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघता बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी मनापासून आभारी आहे.

भाषणाच्या शेवटी काही चुकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणायची आपली रीत आहे. आजवर पन्नासेक भाषणांत मी हे वाक्य म्हटलं असेल. म्हणताना कुठली चूक ते कधी डोळ्यांपुढे नसायचं. आज आहे. शफीभाई, क्षमा असावी.

अहो, उठू नका, उठू नका... बसा. बरं, या. हात द्या.