वाइड लेन्सच्या जागी चकल्या

विषय : येवल्याच्या लग्नाला वाइड लेन्स नेण्यास घरून मिळालेला नकार. मंडळी, चहा घेता घेता ऐका आणि तुम्हीच सांगा.

मी कॅमेऱ्यासोबत दोन लेन्स काढल्या होत्या. एक साधी, दुसरी अख्खा मांडव मावेल अशी वाइड. सौभाग्यवती म्हणाल्या, "एसटीने जायचंय. सामान हलकं हवं. एकच घ्या."

मी साधी घेतली. वाइडच्या रिकाम्या जागेत त्याच बाईंनी बहिणीसाठी चकल्यांचा डबा कोंबला. तो लेन्सच्या तिप्पट जड.

मांडवात ग्रुप फोटोसाठी मी मागे सरकत भिंतीला टेकलो, तरी माणसं मावेनात. कडेला उभ्या सौभाग्यवतींना म्हटलं, "जरा आत सरका."

"पैठणी चुरगळेल. तुम्हीच मागे व्हा."

"मागे भिंत आहे."

"मग काढा तसाच."

काढला. रोल धुऊन आला, तर फोटोत पैठणीचा पदर आहे, बाई नाहीत.

"एवढे फोटो काढता, बायको तेवढी मावली नाही?" हे मलाच.

आता सिन्नरला मुंज आहे. वाइड लेन्स नेऊ द्यावी, असा तोंडी अर्ज मी केला आहे. बाई लाडू वळत आहेत. डबा कुठे बसतो ते पाहून सांगते म्हणाल्या. अर्ज प्रलंबित आहे.