सेवाभाव, पाचपैकी किती?

"सेवेला कारण विचारायचं नाही!" का नाही हो? तुम्हाला सांगते, दवाखान्याच्या आमच्या स्वयंसेवक मंडळात पाय ठेवला, त्याच दिवशी आत्याने, म्हणजे मंडळाच्या चिटणीसबाईंनी, हा पहिला नियम ऐकवला. पेशंटची चाकाची खुर्ची ढकलायची, एक्स-रेला न्यायचं, परत आणायचं, आणि तोंड बंद. बरं, ठेवलं बंद! तर गेल्या महिन्यात तीच आत्या म्हणते, "अगं, तू शिकलेली ना? मग सगळ्यांचा सेवाभाव मोजून दे. एक ते पाच."

मोजून दे! ताप आहे का तो, काखेत थर्मामीटर लावायला?

तरी छापले फॉर्म. 'तुम्ही इथे का येता? स्वतःला सेवाभावाचे पाचपैकी किती गुण द्याल?' वर नाव, खाली सही, आणि गोळा कोण करणार? खुद्द अध्यक्ष! दारात उभे राहून, चष्मा सावरत, एकेक वाचत! निकाल? एकोणीस जणांना पाचपैकी पाच. एका व्हरांड्यात एकोणीस संत!

मग मी नावंच काढून टाकली, कुलपाची पेटी ठेवली, कोण काय लिहितो ते कुणाला कळणार नाही असा शब्द दिला... आणि काय सांगू! एकीला सासूपासून तीन तास सुटका हवी. एकाला नर्सबाई "दादा" म्हणतात ते आवडतं. एकाला लिफ्ट आवडते. नुसती लिफ्ट! हसून हसून माझं पोट दुखलं. आणि एक फॉर्म चक्क कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने भरलेला: "सेवाभाव एक. दुपारी घरात बोलायला कुणी नसतं."

आता मंडळात शिंपी किती? एकच! अकरा वर्षांत एक खाडा नाही त्या काकांचा.

समितीची बैठक. समिती म्हणजे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि आत्या. अध्यक्ष निळ्या खडूचा फॉर्म नाचवत खाकरले, "एक गुण? असा माणूस मंडळात नको. त्या शिंप्याला काढल्याचं पत्र लिही."

"सेवेला कारण विचारायचं नाही ना?" मी म्हटलं.

आत्या फिस्कारली, "मोठ्यांना उलट बोलू नकोस! लिही!"

"नाही लिहिणार! शब्द दिलाय मी. आणि पाचपैकी पाचवाल्यांनो, तुम्ही तिघांनी शेवटची खुर्ची कधी ढकललीत?"



तेवढ्यात वॉर्डातून निरोप, एक्स-रेला खुर्ची हवी. तिघंही छताकडे बघायला लागले, जशी काही खुर्ची तिथूनच उतरणार होती!

गेले, मीच गेले. का गेले, ते विचारायचं नाही.