सुयांच्या दगडाचा फोटो

…आता श्वास बी घ्यायचा नाही म्हणल्यावर माणसानं करायचं काय, सांगा ना मला! वैशाखाचा महिना, संभाजीनगरचं ऊन, पुंडलिकनगरातली तळमजल्यावरची स्टुडिओची खोली, दार बंद, खिडकीला चादर, पंखा बंद, अन् त्या भट्टीत आमचा मुंजाबा गुडघ्यावर बसलेला, एक डोळा कॅमेऱ्याला, दुसरा मिटलेला, छातीत श्वास कोंडलेला, कपाळाचा घाम ओघळत ओघळत नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेला, पडू का नको, पडू का नको… अन् पडला! टप! मुंजाबानं कॉम्प्युटरवर फोटो बघितला अन् मांडीवर हात आपटला.

"हललं!"

तुम्हाला सांगतो, हा माणूस वीस वर्षं लग्नाचे फोटो काढणारा. लग्नात कसं असतंय, धावायचं! नवरदेव घोड्यावर, मुंजाबा घोड्याच्या पुढं. हळद लागली, मुंजाबा स्टुलावर. अक्षता पडल्या, मुंजाबा मंडपाच्या खांबाला लटकलेला. जेवायला बसला तरी पाय हलतोय, झोपला तरी पाय हलतोय! त्याची बायको मंजुळा म्हणती, "ह्यांच्यासंगं एका बाजंवर झोपायचं म्हणजे यष्टीच्या मागच्या शिटावर झोपल्यावाणी हाय." अशा माणसाला देवानं कोणतं काम द्यावं? तर मॅक्रो लेन्सचं!

मॅक्रो लेन्स म्हणजे काय, हे मुंजाबाला बी त्या दिवशीच नीट कळलं. मुंगीचा फोटो काढला तर मुंगी म्हशीएवढी दिसती, ते भिंग. सोनारांच्या अंगठ्या, नथी, कंपन्यांचे बारके बारके माल, त्यांचे जाहिरातीचे फोटो त्याच्यानं काढतात. पण त्याची खोड अशी, की एका वेळी त्याला केसाच्या जाडीएवढंच स्पष्ट दिसतं. सुईचं टोक दिसलं की बूड धुक्यात, बूड दिसलं की टोक धुक्यात! मग काय करायचं? कॅमेरा एका जाग्यावर ठेवायचा, केसभर पुढं, एक फोटो, केसभर पुढं, एक फोटो, असे ऐंशी फोटो काढायचे अन् कॉम्प्युटरवर एकात एक जोडायचे. ऐंशीतला एक हलला? पुन्हा पहिल्यापासून!

अन् हे सगळं कुणापायी? तर मंजुळाच्या आत्यापायी. सरूबाई. फर्दापूरच्या. अजिंठ्याच्या लेण्या बघायला माणसं येतात ना, तिथं ताडपत्रीखाली दगडांचं दुकान हाय त्यांचं. चमचमणारे दगड, पांढरे, हिरवट, गुलाबी, आपल्याकडं विहिरी खांदताना काळ्या खडकाच्या पोटातनं निघतात ते. पस्तीस वर्षं त्या दुकानात बसल्या. पण आता गुडघे गेले, ऊन सोसना, म्हणून ठरवलं की दुकान मोडायचं अन् घरीच ओसरीवर पिठाची गिरणी टाकायची. गिरणीसाठी विकायचा कोणता दगड? तर घरातला, कधीच न विकलेला. त्यांच्या मालकानं, केरबानं, विहीर खांदताना काढलेला सुयांचा दगड. काळ्या खडकाचा तळवा अन् त्याच्यावर पांढऱ्या सुया, शेकड्यानं, केसापेक्षा बारीक, जोरात बोललं तरी थरथरतील अशा! केरबा जाऊन सहा वर्षं झाली. मुंबईचा एक शेठ घ्यायला तयार झाला, पण फोनवर त्याचं एकच पालुपद, "फोटो एकदम शार्प मंगता है भाईसाब, एक एक सुई गिनने आनी चाहिए. शनिवार तक. फोटो पसंद, तो आदमी भेजता."

अन् सरूबाईनं सांगून टाकलं, "आमचे जावाई फोटूवाले हायती की!"

झालं! मुंजाबा गुलमंडीवर बद्रीनाथकडं पळाला. बद्रीनाथ सोनारांच्या मालाचे फोटो काढतो, शाळेपासूनचा दोस्त. लेन्स मागितली तर त्याचं तोंड असं झालं, जशी किडनी मागितली. "तू? अन् मॅक्रो? हौला झाला का रे तू, येडा? अबे, तुला न्हाव्याच्या खुर्चीत बसवत नाय! दोनदा कान कापून घेतलास तू!" पण दिली बिचाऱ्यानं. रविवारी परत, ह्या बोलीवर.

शुक्रवारी सकाळी सरूबाई यष्टीनं आल्या. मांडीवर तेलाचा रिकामा डबा, डब्यात कापूस, कापसात दगड. फर्दापूर ते संभाजीनगर डबा खाली ठेवला नाय. कंडक्टर म्हणला, "मावशी, ठेवा की खाली, काय बाँब हाय का त्यात?" तर म्हणे, "तसंच समज, अन् दूर हो."

टेबलावर काळं कापड, त्याच्यावर दगड, दोन बाजूला दोन लाइट, पुढं कॅमेरा. सरूबाई खुर्चीत. बाहेर बसा म्हणलं तर, "न्हाय बा, दगड जितं, मी तितं."

पहिला डाव. चौदा फोटो झाले, पंधरावा घ्यायचा अन् सरूबाईचं सुरू. "जावाई, तुमच्या सासऱ्याला बी असाच घाम यायचा, एकदा काय झालं…" मुंजाबा ओठ न हलवता म्हणतोय, "आत्याबाई… बोलू… नका…" "आँ? काय म्हणलात?" अन् खुर्ची पुढं ओढली. खर्रर्र!

"हललं!"

दुसरा डाव. एकतीस झाले. बाहेर कशाचा आवाज? पाण्याचा टँकर! नळाला पाणी आठवड्यानं येणार, म्हणून गल्लीनं टँकर मागवलेला. टँकर दारावरनं गेला, फरशी हादरली, टेबल हादरलं, सुया अशा थरारल्या की सरूबाईनं छातीवर हात ठेवला.

"हललं!"

तिसरा डाव. बावन्न! बावन्न झाले, तुम्हाला सांगतो, अन् वरच्या मजल्यावर घरमालक आप्पासाहेबांनी मोटर लावली. पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेले, सगळा जन्म पाण्यात गेला, आता टँकरचं पाणी टाकीत चढवल्याशिवाय चैन पडत नाय. घर्रर्र! मुंजाबा जिना चढून वर. "आप्पासाहेब, अर्धा तास मोटर बंद ठेवा, फोटो हलतोय!" आप्पासाहेब म्हणतात, "खाली फोटो काढतोस अन् वरची मोटर नडती? माझ्या मोटरीचा फोटो काढतोस का?"

"हललं हो, हललं!"

दुपार झाली. जेवण नाय, पंखा नाय. मुंजाबाची अवस्था अशी, की पाय हलवायचा नाय म्हणून मंजुळानं ओढणीनं त्याचा पाय खुर्चीच्या पायाला बांधला! हसू नका, खरंच बांधला. मग ते हलणं कुठं जाणार? वर आलं. भुवई उडायला लागली. कानाची पाळी हलायला लागली! जन्मात पहिल्यांदा मुंजाबा आतनं गप झाला, म्हणजे गप होण्याशिवाय विलाजच राहिला नाय, अन् तेव्हा चौथ्या डावाला ऐंशीच्या ऐंशी फोटो निघाले. एक बी हलला नाय!

कॉम्प्युटरनं जोडाजोड केली अन् फोटो उघडला… काय सांगू! दवात भिजलेलं कुसळी गवत असतंय ना, तशा सुया. एकेक मोजून घ्या. मुंजाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांत किती नवऱ्या काढल्या, एवढं सुंदर काय काढलं नव्हतं. मोठं करून करून बघत बसला. टोकं बघितली, मधलं बघितलं, मग सुयांच्या बुडाला आला. अन् थांबला.

काळ्या खडकावर, चिंचोक्याएवढ्या जागेत, रेघा होत्या. गोल गोल, एकात एक, बारीक. खडकाला अशा रेघा नसतात. मुंजाबानं आपला अंगठा बघितला, पुन्हा फोटो बघितला. आरं देवा! हा तर अंगठा हाय कुणाचा तरी! माझा पडला का काय? पण त्याच्या अंगठ्याच्या रेघा वेगळ्या. ह्या रेघांवरनं तर तिरपा वण गेलेला, शेतातनं पायवाट गेल्यावाणी.

मंजुळाला खूण करून बोलावलं. कानात म्हणला, "खडकात अंगठा उमटत नाय. दगड जोडलेला हाय. मोडला होता, कुणीतरी लिंपलाय." मंजुळा गार पडली. "मग?" "शेठनं बघितलं तर घेणार नाय." "मग पुसा की फोटोतनं! नवऱ्यामुलींचे मुरूम पुसता ते?" आता खरं सांगायचं तर दोन मिनिटांचं काम. मुंजाबाचा हात माउसवर. पुसलं तर आत्याबाईची गिरणी येती. पुसलं तर शेठ फसतो, उद्या दगड हातात घेऊन बघेल अन् आत्याबाईलाच चोर म्हणेल. नाय पुसलं तर आत्याबाई उन्हातच बसती. माउस इकडं, माउस तिकडं. पाय बांधलेला, तरी खुर्ची हलायला लागली!

तेवढ्यात कोण यावं? आप्पासाहेब! मोटर लावू का विचारायला आलेले. मुंजाबाच्या खांद्यावरनं वाकले, चष्मा वर केला, अन् एवढ्या मोठ्यानं, "अरे, हे तर एमसील! नळ गळायला लागला की दोन वड्या कालवून लावतो आपण, तेच! चांगलं लिंपलंय. वरनं दगडाची भुकटी चोळली, बघ. माणूस कारागीर हाय!"

मंजुळानं डोळे वटारले, मुंजाबानं मोकळ्या पायानं त्यांचा पाय दाबला, पण बाण सुटला होता. सरूबाई उठल्या. गुडघे धरत धरत आल्या. स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या.

"काय हाय त्ये?"

मुंजाबाला खोटं बोलवलं नाय. "आत्याबाई… दगड मोडला होता कधीतरी. जोडलाय. जोडणाऱ्याचा अंगठा उमटलाय."

सरूबाई पुढं वाकल्या. तिरप्या वणाजवळ बोट नेलं, स्क्रीनला टेकवलं नाय. म्हणाल्या, "छिन्नीनं कापलं होतं ह्यांचं. लगीन झालं त्याच साली. मीच हळद भरली होती." अन् खाली बसल्या. खुर्ची लांब होती, जमिनीवरच बसल्या.

मग हळूहळू निघालं. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली. केरबाचा त्या दगडावर लई जीव. कुणाला हात लावू द्यायचा नाय. एक दिवस केरबा कामावर, अन् सरूबाईनं झाडता झाडता फळीला धक्का दिला. दगड खाली! दोन तुकडे. सुया वाचल्या, तळवा फुटला. बाईनं तुकड्यावर तुकडा ठेवला, वरनं फडकं झाकलं अन् गप. तीन दिवस घास उतरला नाय. संभाजीनगरजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला बोलल्या, "देवा, एवढं जोडून दे, दर साली नारळ आणीन." चौथ्या दिवशी भीत भीत फडकं काढलं तर दगड सांधलेला! देव पावला!

"अन् दर साली नारळ घिऊन गेले मी," सरूबाई म्हणाल्या. "ह्यांनाच संगं न्यायची. कशापायी ते सांगितलं नाय. ह्योच माणूस नारळ फोडायचा. सोळा वर्षं! एवढंसं तोंड करून फोडायचा, अन् म्हणायचा, देव लई कडक हाय सरू, ह्याला चुकायचं नाय. मेल्यानं एकदा बी…" अन् हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. हसतात का रडतात, मंजुळाला कळंना, तिनं आपला पाठीवर हात ठेवला. आप्पासाहेब खोकून जिन्याकडं गेले. मोटर लावली नाय त्यांनी, दिवे लागेपर्यंत लावली नाय.

मुंजाबा? मुंजाबा बसलेला. पाय सोडला होता मंजुळानं, तरी हलत नव्हता.

तेवढ्यात शेठचा फोन. "हां भाईसाब, फोटो निकला?" मुंजाबानं काही बोलायच्या आत सरूबाईनं हात पुढं केला. फोन कानाला लावला अन् ओरडूनच, "दगड नाय द्यायचा!"

"क्यों मांजी? दूसरा गिराक मिला क्या?"

"आमच्या मालकाचा अंगठा हाय त्याच्यावर! त्यांनी जन्मात कुठल्या कागदावर अंगठा केला नाय, हितं केलाय. मी कशी इकू?"

"किसका अंगूठा? मांजी, मैं तो…"

"ठिवते!" अन् फोन मुंजाबाकडं. गिरणीचं काय, मंजुळानं विचारलं. सरूबाई म्हणाल्या, "बसंन की दुकानात. बसायचंच काम हाय, पळायचं थोडंच हाय?" पण म्हणताना गुडघा चोळत होत्या, ते मुंजाबानं बघितलं. दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन यष्टीत बसल्या. निघताना एकच मागितलं. "जावाई, तेवढा अंगठ्याचा फोटू मोठा करून द्या. काचंत बसवून."

दिला करून. चांगला चार वितींएवढा. सुया वर, खाली नुसता अंगठा, वणासकट. फर्दापूरला घरात भिंतीवर लावला, हार घातला. येणारा जाणारा विचारतो, "हे काय हो, कुठल्या शेताचा नकाशा?" सरूबाई म्हणतात, "आमचे मालक." सुकला की बदलायला दोन हार जास्तीचे आणून ठेवलेत.

बद्रीनाथला लेन्स रविवारी परत गेली अन् पुढच्या सोमवारी पुन्हा आणावी लागली, कारण फर्दापुरात बोभाटा झाला. पहिला फोन आला, म्हातारीचा अंगठा काढायचा, हाय तोवर. मग जामनेर रोडवरनं एक जण तिघा भावांना घेऊन आला, वाटणी व्हायच्या आधी एका फोटोत चार अंगठे पाहिजेत म्हणे, अन् ह्याचा मोठा का त्याचा मोठा ह्याच्यावरनं तिथंच भांडायला लागले! मुंजाबा सांगून सांगून दमला, की बाबांनो, मी लग्नाचे फोटो काढतो, तोंडाचे काढतो, छान काढतो, एक तरी तोंडाचा काढून घ्या! तर म्हणतात, तोंडाचे मोबाइलमधी पडलेत ढिगानं, ठेवायला जागा नाय.

बघा की! एवढा मोठा स्टुडिओ, मागं हिमालयाचा पडदा, लाइटच्या दोन छत्र्या, आरसा, पावडर, कंगवा… अन् गिऱ्हाईक येतंय ते तोंड घरी ठेवून!