बटणावर चालणारं मशीन

दोन बहिणी मशीन घ्यायला आल्या की त्यांच्या मधे बसू नये, असं शिलाई मशीनच्या दुकानदाराने एका तरुण आईला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. दुरुस्तीला दिलेलं आपलं मशीन मिळेपर्यंत ती झोपलेलं बाळ मांडीवर घेऊन नेमकी तशाच दोघी बहिणींच्या मधे बसली.

"गोधड्यांसाठी हवंय," डावीकडची थोरली म्हणाली. "सुईत आपणहून दोरा ओवणारं."

"ताई, तुझी नजर तर घारीची," उजवीकडून धाकटी म्हणाली.

"नजर आहे तशीच आहे. हल्ली सुयांची भोकंच बारीक करतात."

"बरं. अजून?"

"बटणावर चालणारं. पाय लावायला नको."

"पायाला काय झालं?"

"काय व्हायचंय? आहे जागच्या जागी."

"अजून?"

"मशीन थांबलं की सुई कापडात रुतलेलीच राहायला हवी. मधेच हात सुटला, तरी टाका हलत नाही."

"हात सुटतो?"

"डावा. घटकाभर. येतो परत."

बाळाला थोपटता थोपटता मधे बसलेली आई थांबली.

"कधीपासून, ताई?"

"तू मशीन बघ गं."

"घेऊ मशीन. पण ते माझ्या घरी येईल, आणि तूही. वाटेत डॉक्टर."

"तुझ्या घरात उजेड नाही मेला."

"मशीनला दिवा आहे," दुकानदार म्हणाला.

तुमचीही कुणी थोरली एकटीच गोधड्या शिवत बसत असेल, तर आजच जा. तिचे दोन्ही हात हातात घ्या, आणि घट्ट धरायला सांगा.