मोडलेला पाय

सुभेदाराच्या ओसरीवर आम्ही सगळे जमीनदार हजेरीसाठी खोळंबलो होतो. लढाई जवळ आली होती आणि कुणाकुणाचे मुलगे लढाईला हजर आहेत ते बघायला मॉस्कोहून झारचा अधिकारी आला होता. माझ्या पुढच्या बाकावर नेफ्योद कार्पिच आणि त्यांचे शेजारी मेर्कुरी साव्विच बसले होते.

"मुलगा दिसत नाही, नेफ्योद कार्पिच?"

"परवाच सांगितलं नव्हतं का तुम्हाला? घोड्यावरून पडला. पाय मोडलाय त्याचा."

"अरेरे! कुठला पाय?"

"तुम्हाला कुठला हवाय?"

"अहो, शेजारधर्म म्हणून विचारलं. लढाई आली की बरे पाय मोडतात लोकांचे."

"म्हणजे मी त्याला लपवलाय?"

"मी कुठे म्हणालो? पण अधिकाऱ्याला तसं वाटलं, तर जमीन जप्त होईल हो."

"आणि चुगली करणाऱ्याला त्यातला वाटा मिळेल. माझं नदीकाठचं कुरण तुमच्याच बांधाला लागून आहे, नाही का?"

"काहीतरीच तुमचं! देवाशपथ, माझ्या मनातही नाही."

एवढ्यात कारकून दारात आला.

"नेफ्योद कार्पिच कोण? पाय मोडल्याची थाप मारून मुलाला घरी लपवलंय म्हणे तुम्ही!"

"कोण म्हणतं, सरकार? तो काय, फाटकापाशी घोडे धरून उभा आहे. चांगला धडधाकट आहे, बघून घ्या."

कारकून फाटकाकडे गेला.

"हे काय, नेफ्योद कार्पिच? मला तर तुम्ही..."

"हो, फक्त तुम्हालाच सांगितलं होतं. गेल्या वर्षी माझ्या भावाची जमीन कुणी घालवली, ते काही केल्या कळत नव्हतं मला."