चढ लागला की

जळकोटच्या गॅरेजात स्कूटीचं पंक्चर निघेपर्यंत निकिता बाकड्यावर पेंगत होती. शेजारी एक म्हातारबा महेबूब मिस्त्रीला आपली कार दाखवत होते.

"ह्यातलं ऑटोमॅटिक काढा, साधा गिअर बसवा."

"काका, लोक उलटं मागत्यात."

"आमच्या हिला करमंना त्याच्याबिगर."

"काकू गाडी चालवत्यात व्हय?"

"न्हाय. माझा डावा हात अधू झाल्यापासनं म्या क्लच दाबायचो, गिअर ती टाकायची. सांगावं बी लागायचं न्हाय."

"आन् आता?"

"आता पोरानं ही गाडी घेऊन दिली. बसली की झोपती. पर चढ लागला की झोपेत बी उजवा हात हलतो तिचा."

"आत झोपल्यात का?"

"व्हय. उठवू?"

"नगं. हात कुठवर येतोय तेवढं बघतो. गिअरचा दांडा तिथंच बसवू."